वेबकॅमचं टोपडं

आमच्या आईला घरातली कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. फ्रिजला झालरीचं कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर. टीव्हीच्या रिमोटला तर तिने प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर लावलंय. त्यामुळे आकडे दिसत नाहीत आणि आम्ही अंदाजाने बटणं दाबतो. तेव्हा मी घरात कॉम्प्युटर आणला त्याच आठवड्यात तिने शिलाई मशीन काढलं, यात नवल नाही. मॉनिटरला जुन्या परकराची लेस लावलेलं कव्हर, सीपीयूला गुलाबी फुलांचं, की-बोर्डला माझ्या बायकोच्या फाटक्या ओढणीचं, आणि प्रिंटरला इतकं दणकट की ते काढता काढता गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईल. माउसलाही तिने नाडीची पिशवी शिवली होती. मी ओरडलो तर म्हणाली, असू दे, उंदीर आहे, बिळात राहिलेला बरा.

मी जळगावला राहतो आणि लग्नपत्रिकांचं डिझाइन करतो. पत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गल्लीतल्या पोरांच्या वाढदिवसाचे बॅनर, सगळं घरूनच. बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं टेबल आणि दुसऱ्या कोपऱ्यात आईची कॉट. म्हणजे माझं ऑफिस आणि आईचं शयनगृह एकच. माझा स्वभाव तापट आहे, हे मी कशाला लपवू? प्रिंटरने कागद अडकवला की मी त्याच्याशी असा बोलतो की शेजारचे खिडकी लावून घेतात. त्यात आमचा मे महिना. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

पहिल्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडायला लागला. लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाईक डोक्यावर, आणि हा बेटा दुपारी जेवून झोपल्यासारखा मान टाकायचा. दुकानदार म्हणाला, तापतोय. तापतोय तर तापतोय, आपल्याकडे तापलेल्या जिवाला काय करतात? कूलरसमोर बसवतात. मी कूलरचं तोंड आईच्या कॉटवरून वळवलं आणि थेट सीपीयूवर सोडलं. वाळ्याचा ओला, गार वारा. दोन दिवस कॉम्प्युटर मस्त चालला. तिसऱ्या दिवशी आतून चट् असा आवाज आला आणि वास सुटला. दुकानदाराने डबा उघडून आतला ओलावा बोटाने पुसून मला दाखवला आणि विचारलं, भाऊ, याला आंघोळ घातली का? जळगावात असली केस नवीन नाही, असंही तो म्हणाला. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं.

आईला मात्र त्या प्रकरणाचा राग फार दिवस होता. पोटच्या पोराने आईचा वारा काढून पत्र्याच्या डब्याला दिला, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मग मी कूलर मधे ठेवला, डब्यापासून लांब, पण टेबलाशी बसणाऱ्याला वारा लागेल असा. झालं! आईने वाऱ्यासाठी आपली खुर्ची टेबलाशी आणली आणि तेव्हापासून ती दुपारभर माझ्या शेजारी बसायला लागली. अशी तिची आणि कॉम्प्युटरची ओळख झाली.

पुढे ती त्यात इतकी रमली की मला माझंच टेबल परकं वाटायला लागलं. पडद्यावर पत्रिका उघडली की ती चष्मा लावून वाचायची आणि गिऱ्हाइकासमोर चुका काढायची. मोठ्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली कसं गेलं, आजोळचे लोक कुठे आहेत, आत्याबाईंना का विसरले. लोकांना ते इतकं पटायचं की काही जण पत्रिका मला न दाखवता आधी आईला दाखवायचे. थंडीत ती यूपीएसवर विरजणाचं पातेलं ठेवायची, कारण तिथे ऊब असते. आणि खरं सांगतो, दही असं लागायचं की सुरीने कापावं. एकदा दिवाळीच्या आवरासावरीत मी बाहेरून आलो तर ती अंगणात की-बोर्ड सुपासारखा धरून पाखडत होती. शेव, कुरडईचे तुकडे, शेंगदाण्याची टरफलं, काय काय पडत होतं त्यातून! मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, एवढा दाणा तर कधी कधी शेतातही निघत नाही. की-बोर्ड मात्र त्यानंतर आधीपेक्षा चांगला चालला.

वेबकॅम आणला तेव्हा तिचं त्याच्याशी पटलं नाही. मॉनिटरच्या डोक्यावर बसलेला तो एक काळा डोळा तिला नको होता. माझी झोपायची खोली, मी इथे पदर सारखा करते, केस विंचरते, आणि हा माझ्याकडे बघत बसतो, असं तिचं म्हणणं. बंद आहे, त्याला काही दिसत नाही, हे मी सांगून दमलो. तिने दोन दिवसांत जाड दोऱ्याचं, घट्ट विणीचं क्रोशाचं टोपडं विणलं, तान्ह्या बाळाला घालतात तसं, आणि वेबकॅमला घातलं. खाली बांधायला गोंडेसुद्धा होते. येणारे जाणारे हसायचे. मला चीड यायची, पण ते दिसायचं गोड, हेही खरं.

आता आत्याचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. धुळ्याला दिलेली. पण तिचं आणि आईचं नातं नणंद-भावजयीच्या आधीचं आहे. पारोळ्याकडे आमचं गाव आणि आईचं माहेरचं गाव समोरासमोर, मधे फक्त एक नाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, दोन्ही गावच्या पोरी गौराई घेऊन नाल्यावर यायच्या आणि दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यांतून शिव्या द्यायच्या. तुमच्या गावच्या पोरींच्या भाकरी कशा, तुमच्या म्हशी कशा वाळक्या, तुमच्या भावांची नाकं केवढी. राग धरायचा नाही, कारण वर्षभराचा राग तिथेच सांडायचा असतो. आणि पुरुषांनी ते ऐकायचं नाही. या काठावरची सगळ्यात तिखट जीभ आत्याची आणि त्या काठावरची आईची. लहानपणापासून दोघी एकमेकींच्या नावाने कडाकडा बोटं मोडायच्या. मग आई लग्न होऊन आमच्या घरात आली, ती थेट वैरिणीची भावजय होऊन. आता बोला!

पण दोघींनी खेळ सोडला नाही. दर आखाजीला दोघी आपापल्या माहेरी जायच्या आणि आपापल्या काठावर उभ्या राहायच्या. पुढे गावचं घर मिटलं, वडिलांच्या नोकरीने आम्ही जळगावला आलो, तेव्हा आत्याचं माहेर म्हणजे जळगावचं आमचं घर झालं. आखाजीला आत्या आली की दुपारी जेवणं उरकून दोघी गल्लीत जायच्या. आत्या आमच्या ओट्यावर, आई समोरच्यांच्या ओट्यावर, मधला रस्ता म्हणजे नाला. गल्लीतल्या बायका दोन्हीकडे वाटून उभ्या राहायच्या. आम्हा पुरुषांना घरात कोंडून वरून कडी. खेळाचे नियम सरळ होते. उभ्यानेच बोलायचं. समोरचीला उत्तर सुचलं नाही की ती हरली. आणि आडोशाला जायचं नाही, तोंड दिसलं पाहिजे, आई म्हणायची, “दपनी ती हारनी.” आमच्या अहिराणीत दपणं म्हणजे लपणं. लपली ती हरली.

गेल्या हिवाळ्यात आत्या न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर धरून रोज चाला. आत्याने वॉकर एकदा धरला, दोन पावलं टाकली, घाबरली आणि बसली, ती बसलीच. मग तिने बोलणंही सोडलं. आतेभाऊ फोनवर सांगायचा, काही विचारलं की नुसती मान हलवते. जेवण चार घास. वॉकर भिंतीशी उभा आहे, आम्ही त्यावर टॉवेल वाळत घालतो. डॉक्टर म्हणतात की अशीच बसून राहिली तर पुन्हा उठायची नाही. हे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. तो माझ्याहून मोठा, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान चालवणारा, गिऱ्हाइकांना दटावणारा माणूस.

आई दोनदा धुळ्याला जाऊन आली. पहिल्यांदा आत्या तिचा हात धरून रडली. दुसऱ्यांदा तिने भिंतीकडे तोंड केलं. आई एसटीतून परत आली ती पायातली चप्पल न काढता कॉटवर बसली. रडणाऱ्यांतली ती नाही, ती संतापणाऱ्यांतली आहे. माझा स्वभाव काही आकाशातून पडलेला नाही. आत्याला ती अक्का म्हणते. ती म्हणाली की अक्काने मला आयुष्यभर जिंकू दिलं नाही आणि आता अशी गप्प बसून फुकटात जिंकवते का मला? असलं जिंकणं मला नको.

आखाजी जवळ आली. आत्या येणं शक्यच नव्हतं. आईला त्या दिवशी घर सोडता येत नव्हतं, कारण आखाजीला गेलेल्या वडिलांच्या नावाने घागर भरायची असते. मोबाइलवर व्हिडिओ कॉल आधीच करून पाहिला होता. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं, तिला मोबाइलमध्ये आई चिंचोक्याएवढी दिसायची आणि ती फोन बाजूला सारायची. मग एका दुपारी मी पत्रिकेत गणपती बसवत होतो आणि आई शेजारी बसून त्या गणपतीकडे बघत होती. पडद्यावर तो मी हवा तेवढा मोठा करत होतो. तिने एकदम माझ्या दंडाला धरलं.

“माले त्या डबानापुढे बसाड,” ती म्हणाली. मला त्या डब्यासमोर बसव. अक्कालाही तिकडे असल्याच डब्यासमोर बसवा. तोंड परातीएवढं दिसलं पाहिजे आणि आवाज गल्लीभर गेला पाहिजे.

मी आतेभावाला फोन केला. त्याच्या मुलीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर होता, मॉनिटर चांगला मोठा. कॅमेरा होता, माइक होता. आत्याला ऐकू कमी येतं म्हणून तो दुकानातून मोठा स्पीकर आणणार होता. माझ्याकडे माइकवाला हेडफोन होता, तो मी आईच्या डोक्यावर चढवायला गेलो तर तिने तो काढून टेबलावर ठेवला. पदरावरून ते बसेना, आणि तोंडापुढे ती दांडी आली की तिला बैलाला मुसकं बांधल्यासारखं वाटे. मी काय पिकात तोंड घालणार आहे का, म्हणाली. मग मी टेबलावर ठेवायचा वेगळा माइक आणला. त्यात कूलरचा आवाज असा यायचा जणू खोलीत पिठाची गिरणी सुरू आहे. म्हणजे कूलर बंद. जळगाव, आखाजीची दुपार, कूलर बंद. पण आई म्हणाली, नाल्यावर कुठे कूलर होता?

आखाजीच्या सकाळी घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला, वडिलांना नैवेद्य दाखवला. पुरणपोळ्या, सांजोऱ्या, आमरस. बायकोने मला तिसऱ्यांदा रस वाढला आणि आईने ताटातला अर्धा घास तसाच ठेवून हात धुतले. नवं हिरवं लुगडं नेसली. आरशात बघून कुंकू सारखं केलं. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

मी मॉनिटरचं कव्हर काढलं, वेबकॅमचं टोपडं काढून टेबलावर ठेवलं, माइक तपासला, कॉल लावला. पडद्यावर धुळ्याचं घर उघडलं आणि पहिल्यांदा दिसले नाना, म्हणजे आत्याचे यजमान. तेही इतके जवळ की फक्त मिशा आणि नाकपुड्या. दिसतंय का, दिसतंय का, असं ते कॅमेऱ्यालाच विचारत होते. त्यांच्यामागे खुर्चीत आत्या बसलेली, तोंड फिरवून, भिंतीकडे बघत. आतेभावाने तिला तशीच उचलून आणून, वॉकर बाजूला ठेवून, बसवली असणार.

आईने नानांना पाहिलं आणि झटकन पदर कपाळाच्या खाली ओढला. थोरल्या नणंदेचे मालक. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर ती मोकळ्या तोंडाने कधी उभी राहिली नव्हती. तिने मला खुणेने सांगितलं की त्यांना बाहेर जायला सांग आणि तूही नीघ. बायको दाराशी होती, तिलाही हाकललं, कारण नणंदेला काय काय म्हणणार ते सुनेने ऐकू नये. मी मोठ्याने म्हणालो की नाना, आता बायकांचं काम आहे, आपण दोघांनी जाऊ या. नाना हसले, काठी शोधायला लागले. मी बाहेर आलो, दार लोटलं, आणि आम्ही नवरा-बायको फटीला डोळे लावून उभे राहिलो. ऐकायचं नसतं, ठाऊक आहे. लहानपणीही मी कडी लावलेल्या दाराच्या फटीतून ऐकायचो.

आता आत काय झालं ते आईच्या पाठीआड आम्हाला दिसलं नाही, ते मागाहून कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. नानांना उठायला वेळ लागला. तेवढा वेळ पदराआड थांबायचं सोडून आईने हाताला लागलेलं टोपडं उचललं आणि वेबकॅमला घातलं. आपण नानांना दिसू नये एवढाच तिचा हिशेब. नाना गेले. टोपडं काढायचं ती विसरली. म्हणजे आईला आत्या दिसत होती, आणि आत्याला समोर नुसता काळोख.

आई उभी राहिली. आम्हाला तिची पाठ दिसत होती आणि खांद्यावरून थोडी आत्या. आईने घसा साफ केला आणि नाल्यापलीकडे जावा असा आवाज लावला:

“पल्याडनी नार, तिना तोरा भारी,
भाकर थापस वाकडी, जयी गयी सारी.”

म्हणजे पलीकडची बाई, तोरा केवढा, आणि भाकरी थापते वाकडी, तीही सगळी जळकी. धुळ्याच्या स्पीकरमधून तिचाच आवाज फिरून आमच्याकडे आला. आत्या हलली नाही.

आईने दुसरी घेतली, म्हशीची. मग तिसरी, आत्याच्या लग्नातल्या पातळ वरणाची, ज्यात म्हणे डाळ शोधायला कंदील लागला होता. ही तिची ठेवणीतली. या तिसरीवर आत्या दरवर्षी चवताळून उठायची. आत्या भिंतीकडेच बघत होती. आईने चौथी सुरू केली आणि मधेच तिचा आवाज फाटला. पुढचं तिला येत असूनही ती म्हणेना. बायकोने माझा हात घट्ट धरला. मला इतका राग आला होता, कोणावर ते ठाऊक नाही. त्या कॉम्प्युटरवर, त्या खुब्यावर, वयावर. मी कॉल बंद करायला आत जाणार होतो.

तेवढ्यात स्पीकर खरखरला.

आत्याने मान वळवली होती. डोळे बारीक करून ती समोरच्या काळोखाकडे बघत होती. हिवाळ्यापासून न वापरलेला तो आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा. पहिले शब्द नीट कळलेही नाहीत. मग तिने घसा खाकरला आणि सुरात घेतलं:

“पल्याडनी नार, दपनी अंधारमा,
तोंड धवाले पानी नही तिना घरमा!”

पलीकडची बाई अंधारात लपली, तोंड धुवायलाही पाणी नाही तिच्या घरात. जळगावच्या नळाला पाणी कधी येतं आणि कधी नाही, हे धुळ्याला चांगलं ठाऊक. धुळ्यात तरी कुठे धबधबे लागलेत! पण टोला बसला. दारामागे बायको तोंडावर पदर दाबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आईला काही कळेना. ती म्हणायला लागली की मी कुठे लपले, मी तर उभी आहे, चांगली नवं लुगडं नेसून. स्पीकरमधून आत्या एकच पालुपद लावून बसली, दपनी ती हारनी, दपनी ती हारनी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बायकोला आत ढकललं, कारण तिथे पुरुषाला बंदी. तिने धावत जाऊन वेबकॅमचं टोपडं ओढून काढलं, गोंड्यासकट.

धुळ्याच्या पडद्यावर आई एकदम परातीएवढी उगवली असणार. आत्या दचकली, आणि मग हसली. तिचे वरचे दात नव्हते, काढून ठेवलेले. ते हसू मी विसरणार नाही.

आईला आता चेव चढला. डाव हातचा गेला होता, तो परत घ्यायचा होता. ती म्हणाली की ठीक आहे, मी लपले, चुकून लपले, पण तू काय करते आहेस? आखाजीला काठावर बसून कोण बोलतं? ज्वारीचं पोतं आहेस का, थप्पीला लावलेलं? बसलेल्या बाईच्या शिवीला शिवी कोण म्हणेल? हे सगळं तिने गाण्यातच म्हटलं, यमकाला यमक, आणि शेवटी टाळी वाजवली.

पडद्यावरून आत्याचं तोंड गेलं.

आधी कपाळ वर सरकलं, मग डोळे, मग हनुवटी, आणि मग समोर राहिलं नुसतं लुगडं आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. आईने ते पाहिलं आणि आनंदाने नाचायचीच बाकी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, “दपनी! दपनी ती हारनी!”

तिकडून आतेभाऊ बोलला. तोही माझ्यासारखाच दारामागे असणार.

“मामी, ती लपली नाही. उभी राहिलीय.”

आई वर केलेले हात तसेच धरून थांबली. मग आम्हालाही दिसलं. पडद्याच्या खालच्या कडेला वॉकरची दांडी होती. तिच्यावर आत्याचे दोन्ही हात, हिरव्या बांगड्यांचे, घट्ट. टॉवेल अजून तसाच लोंबत होता. तिचं तोंड आमच्या पडद्यात मावत नव्हतं, वर कुठेतरी होतं, आणि तिथून तिने आपली शिवी टाकली. काय होती ती मी इथे लिहिणार नाही. पुरुषांनी ऐकायची नसते. एवढंच सांगतो की तिच्यात आईच्या सात पिढ्या आल्या आणि आमचा कॉम्प्युटरही आला.

आता उत्तर आईचं. तिच्याकडे उत्तरं कधी संपत नाहीत. मी स्वतः तिला पोस्टमनला, दूधवाल्याला, नळवाल्याला आणि माझ्या सासऱ्यांना निरुत्तर करताना पाहिलंय. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि तशीच उभी राहिली. मी आत आलो तरी तिने मला हाकललं नाही.

वरून आत्याचा आवाज आला, “काय व, हारनी का?”

आईने पदर काढला. डोळे लाल, नाक लाल, कुंकू पसरलेलं.

“हारनी, अक्का,” ती म्हणाली. “हारनी.”

संध्याकाळी ती सांजोऱ्यांचं ताट घेऊन गल्लीत निघाली. प्रत्येक दारात ताट पुढे करायची आणि म्हणायची, घ्या, गोड खा, यंदा मी हरले.